बॅटरी नवी, तरी सेल्फ लागेना

जून उजाडला की गोव्यात पेडण्यापासून सांग्यापर्यंत ठरलेली धांदल सुरू होते. पहिल्या दोन सरींनी शेत भिजलेलं असतं, नांगरणीला ट्रॅक्टर हवा असतो, आणि वायंगण, म्हणजे उन्हाळी भातपीक, संपल्यापासून गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा असलेला छोटा ट्रॅक्टर चावी फिरवली की नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. बॉनेट उघडावं तर बॅटरीच्या टर्मिनलावर पांढरी, मधेच निळसर-हिरवी पूड साचलेली. बघणारा पहिला माणूस म्हणतो, “बाब, बॅटरी गेली, नवी घाला.” नवी येते, ट्रॅक्टर सुरू होतो, आणि पाऊस पुरता लागायच्या आत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. मग दुकानदाराने फसवलं असं वाटतं.

बऱ्याच वेळा फसवलेलं नसतं. ती पूड म्हणजे बॅटरी मेल्याचा दाखला नव्हे. अ‍ॅसिड बाहेर येतंय एवढंच ती सांगते, आणि बाहेर आलेलं अ‍ॅसिड बॅटरीपेक्षा तिच्या शेजाऱ्यांना जास्त खातं: क्लॅम्प, वायर, खालचा लोखंडी ट्रे, इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी. बॅटरी बदलून शेजारी तेच ठेवले की काम अर्धंच झालेलं असतं.

शिशाची बॅटरी १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने तयार केली, आणि तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. १२ व्होल्टच्या डब्यात सहा कप्पे असतात, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड. एक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, सहांचे मिळून १२.६. चार्जिंग पूर्ण होत आलं की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात. ते फुटताना अ‍ॅसिडचे बारीक तुषार घेऊन झाकणाच्या भोकांतून बाहेर पडतात. शिवाय शिशाचा खांब जिथे प्लास्टिकमधून वर येतो तिथला सांधा जरा जरी सैल झाला, तरी अ‍ॅसिड त्या फटीतून वर झिरपतं. शिशाला लागलं की पांढरं लेड सल्फेट, तांब्याला लागलं की निळसर-हिरवं कॉपर सल्फेट, लोखंडाला लागलं की तांबडा गंज. पुडीचा रंग बघूनच अ‍ॅसिड कशाला खातंय ते कळतं. निळसर-हिरवा दिसला तर समजा की वायरीतलं तांबं जातंय, आणि ते जास्त वाईट.

गोव्याची हवा यात भर घालते. गंधकाम्ल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे बॅटरीच्या डोक्यावर बसलेला पातळ थर पावसाळाभर सुकतच नाही. तो ओला थर वीज वाहतो, आणि दोन टर्मिनलांमधून चोरपावलांनी चार्ज गळत राहतो. पाहायचं असेल तर मल्टिमीटरचा काळा पिन निगेटिव्हला लावा आणि लाल पिन बॅटरीच्या प्लास्टिकवर इकडेतिकडे टेकवा. स्वच्छ बॅटरीवर काही दिसायला नको. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आधी डोकं धुवा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, ट्रॅक्टर घालणाऱ्यांना याहून एक जास्तीचा ताप आहे. मानशीतून (बांधाच्या दारातून) आत आलेलं खारं पाणी आणि चिखलणीचा गाळ थेट ट्रेवर आणि अर्थिंगच्या बोल्टावर उडतो. तिथे अ‍ॅसिडचीही गरज नाही, मीठ पुरतं.

आता मुख्य प्रश्न: मीटरवर १२.६ दिसत असताना सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, का लागत नाही?

छोट्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो. समजा १५० अँपिअर. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये पुडीचा थर बसून ०.०२ ओहम एवढा अडथळा तयार झाला आहे. ओहम गुणिले अँपिअर म्हणजे व्होल्ट, तेव्हा तिथेच ३ व्होल्ट जातात. सेल्फ फिरताना बॅटरी मुळात साडेदहाच्या आसपास उतरते, त्यातून हे ३ वजा झाले की सेल्फच्या वाट्याला साडेसात. इतक्यात इंजिन फिरत नाही. पण चावी बंद असताना मीटर लावला तर प्रवाहच नसतो, मग व्होल्टही कुठे जात नाहीत, आणि मीटर निर्धास्तपणे १२.६ दाखवतो. ०.०२ ओहम साध्या मल्टिमीटरवर मोजताही येत नाही, कारण त्याच्या पिनांच्या वायरींचाच अडथळा त्याहून मोठा असतो. कुळागरातल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला पाला अडकला तर विहीर भरलेली असूनही पोफळींना पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार. ते गेलेले ३ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर, म्हणजे ४५० वॅट, उष्णता होऊन त्या एवढ्याशा जागेत निघतात. म्हणून सेल्फ पाच-सात सेकंद मारल्यावर क्लॅम्प चटका लागण्याइतका तापत असेल, तर दोष सापडला असं धरा. हात लावताना बेताने.

बॅटरी खरंच गेली की नाही

पैसे काढण्याआधी एवढं बघा. ट्रॅक्टर काही तास उभा राहिल्यानंतर, पिन क्लॅम्पवर न टेकवता खांबाच्या शिशावर टेकवून व्होल्ट मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी म्हणजे गेलेली नव्हे, आधी चार्ज करून बघावं. पण पूर्ण चार्ज देऊनही मीटर साडेदहावर अडून बसला, तर १२.६ मधून २.१ वजा करून बघा. एक कप्पा आतल्या आत शॉर्ट झालेला आहे आणि त्याला इलाज नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर हे मल्टिमीटरपेक्षा प्रामाणिक साधन. भरलेल्या कप्प्यात अ‍ॅसिडची घनता १.२५ ते १.२८ च्या दरम्यान येते. आकडा किती यापेक्षा सहाही कप्प्यांत तो सारखा आहे का हे महत्त्वाचं. पाच कप्पे १.२६ आणि एकच १.१८, असं दिसलं की ती बॅटरी परत दुकानात.

आवाजावरूनही बरंच कळतं. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट विझण्याइतका मंद झाला आणि ‘टकटकटक’ झालं, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सांध्यात अडथळा आहे. लाइट जसाच्या तसा प्रखर राहिला आणि सेल्फने हूं की चूं केलं नाही, तर बॅटरीला हात लावू नका. क्लच पूर्ण दाबलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का, पीटीओचा (मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या शाफ्टचा) दांडा बंद आहे का ते बघा. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत या जागी सुरक्षेचे स्विच असतात आणि एक जरी अडला तरी सेल्फपर्यंत वीज जात नाही. रोटाव्हेटर जोडून पीटीओ चालू ठेवलेला, आणि बॅटरीला शिव्या, हे दृश्य दुर्मिळ नाही.

नवी घेताना

व्होल्ट १२च, यात चर्चा नाही. अँपिअर-अवर जुन्याएवढे किंवा थोडे जास्त चालतात, जास्तीने काही जळत नाही. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत कधी कधी थंडीतल्या स्टार्टिंगचा आकडा, बर्फात गोठलेल्या बॅटरीचे इशारे वगैरे दिलेले असतात. ती पानं आपण उलटून पुढे जावं. आपल्याकडे बॅटरीला थंडी मारत नाही, उष्णता मारते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि त्यात झीजही आली. म्हणून बॉनेटखाली उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच असेल तर ते ‘कशाला हवं’ म्हणून काढून टाकू नका.

माप मात्र काटेकोर घ्या: लांबी, रुंदी आणि विशेषतः उंची. बोटभर उंच बॅटरी ट्रेमध्ये आरामात बसते, पण बॉनेट बंद करताना पॉझिटिव्हचा खांब पत्र्याला टेकला की आग. दुसरं, खांबांची बाजू. पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, हे उलट असेल तर वायर पुरत नाही आणि मग माणूस ती ताणून लावतो. तिसरं, खांबांची जाडी. बारीक आणि जाड असे दोन प्रकार बाजारात आहेत, आणि एकाच बॅटरीतही पॉझिटिव्हचा खांब निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो. उलटी वायर सहज बसू नये म्हणूनच ती सोय आहे. बसत नाही म्हणून क्लॅम्प फाकवून लावण्याआधी थांबून रंग बघा. उलटी जोडली तर अल्टरनेटरमधले, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातले, डायोड क्षणात जातात, आणि त्यांचा खर्च अंगावर येतो. जुनी बॅटरीच दुकानात घेऊन गेलात तर यातला निम्मा घोळ तिथेच मिटतो. स्कूटरवर पुढे ठेवून नेणार असाल तर उभीच ठेवा.

काढणं आणि घालणं

चावी काढून खिशात. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. साखळी दोन खांबांना टेकली तर सोनं वितळण्याआधी कातडी भाजते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि जवळ बादलीभर स्वच्छ पाणी. विडी-सिगारेट लांब. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि बॅटरी फुटली की अ‍ॅसिड तोंडावरच उडतं. डोळ्यात गेलं तर चोळू नका, निदान पंधरा मिनिटं पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरा आणि मग दवाखाना गाठा.

निगेटिव्ह आधी सुटतो, हे सगळ्यांना पाठ असतं. का ते थोड्यांना ठाऊक असतं. ट्रॅक्टरचं सगळं लोखंड निगेटिव्हला जोडलेलं आहे. पॉझिटिव्ह सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉनेटला किंवा रेडिएटरला लागलं तर बॅटरीचे दोन्ही ध्रुव पान्यानेच जोडले जातात, आणि पाना लाल होतो. निगेटिव्ह आधी सोडवला की हे लोखंड निव्वळ लोखंड उरतं, पाना कुठेही लागू दे. जोडताना याच कारणाने उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

गंजलेला क्लॅम्प निघत नाही म्हणून हातोडीने ठोकायची पद्धत आहे. ती सोडा. खांब शिशाचा, शिसं मऊ, आणि ठोक्याने प्लास्टिकचा सांधा चिरला की आपणच पुढच्या गळतीचं बी पेरलं. जुनी बॅटरी भंगारात जाणार असली तरी क्लॅम्प आपल्याला हवाच असतो. आधी कोमट पाणी ओता, नट ढिला करा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने क्लॅम्पची फट जरा उघडा आणि डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. दाबून धरणाऱ्या पट्टीचे लांब बोल्ट बहुधा गंजून अडकलेले असतात. त्यांना आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवलेलं बरं.

बॅटरी उतरल्यावर खरं काम सुरू होतं, आणि इथेच घाई होते. पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. क्लॅम्प त्यात बुडवा, ट्रेवर ओता, जुन्या टूथब्रशने घासा. फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडची: सोडा आणि अ‍ॅसिड एकमेकांना मारून मीठ, पाणी आणि वायू होतो. फसफस थांबेपर्यंत पुन्हा ओता, मग साध्या पाण्याने धुवा. हेच पाणी जुन्या बॅटरीच्या डोक्यावर वापरत असाल तर झाकणं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर आतलंही अ‍ॅसिड मरतं. ट्रे खरवडून, सुकवून, रेड ऑक्साइड आणि वर रंगाचा हात द्या. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून घ्या. डुगडुगणारी बॅटरी टिकत नाही, हादऱ्याने प्लेटांवरचा मसाला गळून खाली साचतो आणि शेवटी कप्पा शॉर्ट होतो.

आता वायर. क्लॅम्पजवळचं प्लास्टिक बोटांनी दाबून बघा. फुगलेलं किंवा कडक, कुरकुरीत लागलं तर आत अ‍ॅसिड चढलंय. बारीक तारांच्या मधून ते वातीसारखं वर सरकतं. थोडं सोलून बघा: तांबं काळं किंवा हिरवं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. वायर तोकडी पडली तर नवी घ्या, जुन्याएवढ्याच जाडीची, टोकाला लग (धातूची कडी) दाबून बसवलेली. बाजारात दोन स्क्रूंनी तार दाबणारे तयार क्लॅम्प स्वस्तात मिळतात. ते मला पसंत नाहीत. तारांची टोकं उघडी राहतात, आणि आपल्या पावसात ती वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हिरवी होतात. अडल्या वेळेला ठीक.

निगेटिव्ह वायरीचं दुसरं टोक कोणी बघतच नाही. ते गिअरबॉक्स किंवा इंजिनाला बोल्टाने लावलेलं असतं, चिखलणीच्या उंचीवर. बोल्ट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरं करा आणि पुन्हा आवळा. नवी बॅटरी घालूनही सेल्फ न लागण्याची जी प्रकरणं असतात, त्यातली पुष्कळशी या एका बोल्टाशी येऊन थांबतात.

बॅटरी बसवा, पट्टी आवळा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत घासून जोडा. नट हाताने हलणार नाही इतका घट्ट, त्यापुढे नाही. व्हॅसलीन किंवा ग्रीस यानंतर बाहेरून लावायचं, धातूला धातू भिडल्यावर. लाल टोपी हरवली असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो.

सुरू झाल्यावर

दोन मोजमापं घेतल्याशिवाय बॉनेट पाडू नका. इंजिन मध्यम वेगावर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५ च दिसले तर चार्जिंग होत नाही: पट्टा, रेग्युलेटर किंवा अल्टरनेटर. पंधराच्या आसपास गेले तर बॅटरी उकळते आहे, आणि गेल्या खेपेची पूड कुठून आली याचं उत्तर तिथेच मिळालं. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनावर टर्मिनल उपटून पाहणारे अजून आहेत. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि धडधाकट अल्टरनेटरही जाऊ शकतो.

दुसरं मोजमाप सेल्फ मारताना. एक पिन खांबाच्या शिशावर, दुसरा त्याच खांबाच्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. मीटरवर दिसतील तेवढे व्होल्ट त्या सांध्यात वाया जातायत. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.३ आला तर पुन्हा सोडवून घासा. तसंच निगेटिव्हचा खांब आणि इंजिनाचं उघडं लोखंड यांच्यामध्ये बघा. जो अडथळा मीटरच्या ओहमवर सापडत नव्हता, तो असा व्होल्टवर सापडतो.

पाण्याची पातळी प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर, आणि पाणी डिस्टिल्डच. विहिरीचं नको: आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं लोह पाण्यात उतरतं आणि लोह आत गेलं की बॅटरी उभ्या उभ्या उतरत राहते. पागोळ्यांखाली धरलेलं पावसाचं पाणी ‘शुद्धच असतं की’ असंही ऐकू येतं. कौलांवरची धूळ, शेवाळ आणि पाखरांची शीट त्यात असते. अ‍ॅसिड मात्र वरून कधी घालायचं नाही. वाफ होऊन उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

चवथीनंतर ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह सोडून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जर लावा. ५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ५ अँपिअर पुरेत. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवण्याने समाधान मिळतं, चार्ज फारसा मिळत नाही. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं सल्फेट कडक खड्यांसारखं होतं आणि मग चार्ज घेत नाही. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते ही जुन्या काळच्या खोक्यांची गोष्ट, आताच्या प्लास्टिकला फळीची गरज नाही.

जुनीचं काय करायचं ते दुकानातच ठरतं. तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिसं असतो, म्हणून नवीवर सूट मिळते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आपली जबाबदारी ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची. भंगारवाला चार पैसे जास्त देत असेल, पण वजन हलकं करायला तो अ‍ॅसिड तुमच्याच शेताच्या मेरेवर ओतून जाणार नाही ना, एवढं उभं राहून बघा.